निरुबेनच्या गाडीचं डावं चाक

सुरतेत मी बत्तीस वर्षं लेथवर उभा होतो. बसलो होतो असं म्हणायची सोय नाही, कारण आमच्या धंद्यात बसणाऱ्याचं काम हमखास बिघडतं. लोखंडाचा तुकडा यंत्रात गरगर फिरत असतो. त्याला हत्यार लावायचं आणि हवा तेवढा छिलून काढायचा. पेन्सिलला टोक काढतात तसंच, फक्त इथे पेन्सिल फिरते आणि टोक केसभर चुकलं तर शेठ ओरडतो.

आमचं वर्कशॉप पर्वत पाटियाजवळ होतं आणि काम सगळं पॉवरलूमचं. शाफ्ट, बुश, दातेरी चाकं. पण लेथ आहे म्हटल्यावर कोण काय घेऊन येईल याचा नेम नसायचा. हजीऱ्याच्या कंपनीतला एक साहेब कुत्र्याच्या पट्ट्याला पितळी कडी करून घेऊन गेला. पलसाण्याच्या एका डाईंगवाल्याने देवघरातल्या घंटेचा लोळा करून घेतला आणि आवाज आवडला नाही म्हणून चार वेळा परत आणला. चौथ्या वेळी मी तोच लोळा नुसता घासून दिला, तेव्हा म्हणाला, आता कसा सुरात आला!

या मंडळींवर पानंच्या पानं लिहिता येतील. पण लक्षात राहिलेलं एक काम सांग म्हटलं, की मला आठवते ती निरुबेनची निळी गाडी. त्या कामात मी माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक केली, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायचा मोह होणार नाही.

ही नव्वदनंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. एका दुपारी पन्नाशीच्या घरातली एक बाई दारात उभी राहिली. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि हातातल्या रुमालात एक नट. ‘भाई, याचा जोडीदार मिळेल का?’ असं त्यांनी गुजरातीत विचारलं. त्या गुजरातीत बोलायच्या, मी आमच्या अमळनेरी वळणाच्या गुजरातीत उत्तर द्यायचो. इथे मी बहुतेक मराठीतच लिहितो, नाहीतर माझ्या गुजरातीला वाचक हसतील.

नटाचे आटे इंचातले होते. शहरातल्या गॅरेजवाल्यांकडे सगळी हत्यारं मिलिमीटरची, त्यांनी जवळपासच्या मापाचा नट ठोकूनठाकून बसवायचा प्रयत्न केला होता. आमच्याकडे मात्र जुन्या लूमचं काम येई आणि जुने लूम इंचांचे. मी कंगव्यासारखी आटे मोजायची पट्टी लावली, दात बरोबर बसले. बाईंचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांचा हरवलेला नातेवाईक शोधून दिला.

‘गाडी कोणती?’ मी विचारलं.

‘बापुजींची. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची. मीच दुरुस्त करते.’

माझ्या शेजारी दगा नावाचा फिटर होता, आमच्याच गावाकडचा. तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, ‘बाई सवता गाडी खोलस? मग घरना माणूस काय करस?’

निरुबेनला अहिराणी येत नव्हती, पण नजर समजत होती. त्या म्हणाल्या, ‘लग्न नाही केलं भाई. त्यामुळे रविवार मोकळा असतो.’

त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. वडील पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. तिकडचा संसार आवरून परतताना लोकांनी भांडीकुंडी आणली, बापुजींनी ही गाडी बोटीत घालून आणली. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, नजर धूसर झाली आणि नट आवळायचे पाने मुलीच्या हातात आले.

त्यानंतर निरुबेन महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. मी तेव्हाच ओळखलं, की या बाईला काम करून नको असतं, काम कळायला हवं असतं. पाण्याच्या पंपाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, करायला दिला तर पितळ का नको, गनमेटल का, हे आधी समजून घेणार. डायनामो काढून मोडीतल्या गाडीचा अल्टरनेटर बसवायचा ठरवला तेव्हा त्यासाठी मी करून दिलेला ब्रॅकेट त्यांनी तीनदा परत आणला. पट्टा केसभर तिरका चालतो, एवढीच तक्रार. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, ‘बेन, लूमला एवढं चालतं.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘चालतं म्हणूनच लूम एवढा आवाज करतात.’ दगा दोन दिवस ते वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरत होता.

एकदा मी अठवालाइन्समधल्या त्यांच्या घरी गेलो आणि त्यांची पद्धत पाहिली. ओसरीवर जुनी साडी अंथरलेली. इंजिनातून निघालेला प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमाने साडीवर मांडलेला आणि भोवती खडूचं वर्तुळ. बसवताना उलट्या क्रमाने उचलायचा. वर्तुळ रिकामं झालं नाही तर काहीतरी राहिलं. इतकी साधी युक्ती, पण मला वीस वर्षांत सुचली नव्हती. बॉनेट बांधायचा पट्टा त्यांनी लूमच्या चामडी पट्ट्यापासून शिवला होता. लूममध्ये आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका मारणारा तो पट्टा, हजारो फटके सोसायला बनलेला. बॉनेटवर तो असा शोभत होता की कारखान्यातून तसाच आला असावा. मला त्या बाईंचा मनापासून आदर वाटायचा, आणि आपण त्यांच्या उपयोगी पडतो याचा थोडा माजही होता.

मग निरुबेनच्या मुंबईच्या भावाचं पत्र आलं. त्याने गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. बापुजींनाही ते पटत चाललं होतं. मुलगी पन्नाशीला आली, रविवारचे रविवार गाडीखाली आडवी पडते, उद्या काही झालं तर कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी अट घातली. दसऱ्याला मला गाडीतून डुमसला, समुद्रावर ने. वाटेत एकदाही थांबायचं नाही. पोचलीस तर गाडी तुझी, मी मुंबईला नाही म्हणून कळवतो. थांबलीस तर दिवाळीनंतर गिऱ्हाईक घेऊन जाईल.

कोणीही शहाण्या माणसाने अशा वेळी गाडीला हातसुद्धा लावला नसता. निरुबेननी चाकं बदलायला काढली! बापुजींना आयुष्यभर तारांच्या आऱ्यांची चाकं हवी होती, ती कधी मिळाली नाहीत. नवसारीला एक तशीच गाडी मोडीत निघाली होती, तिची चाकं त्यांनी मिळवली. नजर गेली तरी बापुजी हाताने आऱ्या चाचपतील, एवढीच त्यांची हौस.

ही चाकं कशी बसतात ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. साध्या चाकाला चार नट असतात. या चाकाला मधोमध एकच मोठा, पंखांचा नट, तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करायचा. तो नट ज्यावर बसतो त्या लोखंडी तुकड्याला हब म्हणतात. गाडीच्या डाव्या बाजूच्या हबला सुलटे आटे, उजव्या बाजूच्याला उलटे. तसं असलं की गाडी पुढे धावताना नट आपोआप आवळला जातो. अदलाबदल झाली तर प्रत्येक फेऱ्याला सैल होत जातो आणि चाक निघून पडतं.

मागचे हब चांगले होते, ते निरुबेननी स्वतः बसवले. पुढच्या दोन्हींचे आटे झिजलेले. मी ते वेल्डिंगने भरून नव्याने कापले, एक सुलटा, एक उलटा. काम इतकं सुरेख झालं की दगालाही बोट फिरवून पाहायचा मोह आवरला नाही. पण बसवायच्या आठवड्यातच शाळेच्या प्रयोगशाळेत गरम नळी लागून निरुबेनचा उजवा तळहात भाजला. दसरा चार दिवसांवर. मी म्हणालो, मी बसवतो.

त्या गाडीला त्यांच्याशिवाय कोणी पाना लावायची ही पहिलीच वेळ होती. रविवारी सकाळी गेलो. गाडी फाटकाकडे तोंड करून उभी. निरुबेन स्टुलावर पुस्तक उघडून बसल्या आणि वाचून म्हणाल्या, ‘डाबी बाजू सुलटा, जमणी बाजू उलटा.’ डाबी म्हणजे डावी, जमणी म्हणजे उजवी. इतकं मला येत होतं. तेवढ्यात आतून बापुजींनी हाक मारली आणि त्या डोळ्यांत थेंब घालायला आत गेल्या.

मी फाटकातून आलो होतो तसाच गाडीच्या समोर उभा राहिलो. माझ्या डाव्या हाताला सुलटा हब लावला, उजव्या हाताला उलटा. चाकं चढवली, नट ठोकले. हातोडीचा आवाज बदलेपर्यंत ठोकले.

त्या बाहेर आल्या. एरवी दुसऱ्याने केलेलं काहीही त्या पुन्हा तपासायच्या. पट्टी बांधलेला हात हातोडीकडे गेला, मग थांबला. ‘रामदासभाई, तुम्ही केलंय ना, मग काय बघायचं?’ त्या म्हणाल्या. मी सायकलवरून घरी आलो तो छाती फुगवूनच. बायकोला दोनदा सांगितलं.

दसऱ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असे. त्या दिवशी काम बंद, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायच्या, शेठ जिलेबी-फाफडा आणणार. कोपऱ्यात चाचणीसाठी एक लूम उभा असायचा. मी लूमच्या समोर आणि दगा मागच्या बाजूला, दोघे मिळून त्यावर माळ बांधत होतो. मी म्हणालो, ‘डावीकडे जरा वर घे.’ त्याने माझ्या उजवीकडचं टोक वर घेतलं.

‘डावीकडे रे!’

‘तुना डावा का मना डावा, भो?’

‘लूमचा डावा!’

हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. लूम दोन तऱ्हेचे बनतात, डावे आणि उजवे, म्हणजे दोन लूमच्या मधे उभ्या राहिलेल्या कारागिराला दोन्हींचे चालू-बंद करायचे दांडे हाताशी यावेत. मग डावा कोणता हे ठरवायला नियम एकच. विणणारा समोर उभा राहतो तिथे उभं राहायचं, आपला डावा हात तो लूमचा डावा. वीस वर्षं मी यंत्रासमोर उभा राहूनच डावं-उजवं मोजत आलो होतो.

आणि गाडी चालवणारा गाडीसमोर उभा राहत नाही. तो आत, पुढे तोंड करून बसतो.

माझ्या हातातली माळ खाली पडली. घड्याळात साडेनऊ झाले होते आणि निरुबेन साडेनऊलाच निघणार होत्या. दगाच्या मोपेडची किल्ली त्याच्या खिशातून मीच काढून घेतली. ‘कोठे जाई राहिना? पूजा बाकी शे!’ तो मागून ओरडत राहिला.

पर्वत पाटियापासून डुमस रस्त्यापर्यंत सगळं शहर ओलांडून जावं लागतं. दसऱ्याचा दिवस, प्रत्येक गाडीला हार, प्रत्येक फरसाणवाल्यासमोर रांग. मी देवाचं नाव घ्यायचो आणि मधेच मला ते निखळलेलं चाक दिसायचं, त्यापाठोपाठ उघड्या गाडीतला म्हातारा माणूस.

शहर संपून झाडं लागली तिथे ती निळी गाडी दिसली. कडेला, सरळ, चारी चाकांवर उभी. बॉनेटवर झेंडूचा हार. बापुजी टोपी घालून आपल्या जागेवर ताठ बसलेले. निरुबेन उजव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या, डावा हात नटावर.

मी मोपेड टाकली आणि धावलो. त्यांनी वर पाहिलं. माझा चेहरा बघूनच त्यांना सगळं समजलं असावं.

‘टक टक ऐकू आलं,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘नट दोन आटे मागे आलाय. दोन्हीकडे.’

बापुजींनी मान वळवली. ‘कोण आलं?’

‘रामदासभाई. लेथवाले.’

‘हं. गाडी थांबली, निरु. काय झालं?’

‘पुढचे हब डावे-उजवे उलट बसलेत, बापुजी.’

‘कोणी बसवले?’

‘मी,’ निरुबेन म्हणाल्या.

एका शब्दात त्यांनी मला वाचवलं आणि गाडी सोडून दिली. मला बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. बत्तीस वर्षांच्या कामात असे फार क्षण नाहीत ज्यांची मला लाज वाटते, पण तो एक आहे. मनात येत होतं ते अगदी हलकं होतं. उद्या हे सुरतेत पसरेल, रामदास टर्नरला डावं-उजवं कळत नाही म्हणून लोक हसतील. एक रिक्षा गेली, तिच्यामागे दुसरी गेली, मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

‘हाताला पट्टी आहे ना तुझ्या?’ बापुजी म्हणाले. ‘हातोडी कशाने मारलीस?’

म्हाताऱ्याचे धूसर डोळे मी उभा होतो त्या दिशेला वळले आणि तिथेच थांबले.

‘मी बसवले, बापुजी,’ मी म्हणालो. ‘बेननी बरोबर सांगितलं होतं. मी लूमसारखा समोर उभा राहिलो आणि माझा डावा धरला.’

बापुजींनी टोपी मागे सारली. मग हसू लागले. मोठ्याने नाही, खांदे हलत होते. तिकडे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये एका नव्या पोराने इंजिनाला असाच भाग उलटा लावला होता आणि तो पोरगा आपणच होतो, असं त्यांनी सांगितलं. फोरमनने तेव्हा आठवडाभर झाडू मारायला लावला होता.

‘आणि बापुजी, अट?’ निरुबेननी विचारलं.

‘टक टक मला ऐकू नाही आलं,’ ते म्हणाले. ‘मी शेजारीच बसलो होतो. चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये गेली माझी, आणि मला नाही ऐकू आलं. मी चालवत असतो तर थांबलो नसतो, आणि आपण दोघं आत्ता रस्त्याकडेच्या खड्ड्यात असतो. न थांबायची अट घालणारा गाढव होता. गाडी तुझी.’

निरुबेननी साडीचा पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला, कारण त्याला ग्रीस लागलं होतं. मग त्यांनी मागून जॅक आणि हत्यारांची गुंडाळी काढली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, ‘थांबा. आधी आत बसा.’

‘कुठे?’

‘चालवायच्या जागेवर.’

मी बसलो. इतकी वर्षं त्या गाडीचे तुकडे हाताळले, पण आत कधी बसलो नव्हतो. जागा इतकी खाली की रस्ता हाताशी आल्यासारखा वाटला. शेजारी बापुजी.

‘आता डावा हात वर करा.’

मी केला. बापुजीही हसत हसत आपला डावा हात वर करून बसले. जाणारे-येणारे बघत होते.

‘ही डाबी,’ निरुबेन म्हणाल्या. ‘गाडी कुठेही तोंड करून उभी असो.’

पाऊण तासात हब बदलले. हातोडी मी मारली, पण प्रत्येक नट त्यांनी डाव्या हाताने तपासला, पुस्तकाशी ताडून पाहिला आणि मगच जॅक उतरवला. बापुजी उतरून चारी चाकांच्या आऱ्यांवरून बोटं फिरवत होते, सावकाश, एक एक आरी मोजावी तशी. ‘सरस,’ ते म्हणाले. मग दोघं डुमसला गेले. मी मोपेडवर मागोमाग गेलो, नजर त्या उजव्या चाकावर ठेवून, आणि नट जागचा हलला नाही.

यानंतर निरुबेन माझ्याकडे यायच्या थांबतील असं मला वाटलं होतं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत त्या एक बुश करून घ्यायला आल्या. मी तयार करून दिला तेव्हा त्यांनी पिशवीतून कॅलिपर काढला आणि माझ्यासमोर, दगासमोर, शेठसमोर माप घेतलं. माझी कानशिलं तापली. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. माप जुळलं. ‘बराबर छे, रामदासभाई,’ त्या म्हणाल्या आणि बुश रुमालात बांधून गेल्या.

पुढे प्रत्येक वेळी तसंच झालं. मोजल्याशिवाय त्यांनी माझ्याकडून एकही वस्तू नेली नाही. वर्कशॉपमधले म्हणायचे, बाई फारच शंकेखोर आहे. मी म्हणायचो, मोजू द्या. त्यांचा आधीचा विश्वास मला आपसूक मिळाला होता. नंतरचा प्रत्येक ‘बराबर’ मात्र कमवावा लागला, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत एकदाही चुकला नाही.